परक्याचा पाहुणचार

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें २८:१–१०, इब्री १३:१–२



प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटल्या अध्यायांत लूकानें एका पावसाळी दिवसाची हकीकत लिहून ठेविली आहे. पौल बंदिवान होऊन रोम शहरीं नेला जात होता. चौदा दिवस त्याचें तारूं वादळांत सांपडलें होतें; सूर्य दिसत नव्हता, तारे दिसत नव्हते, आणि लोकांनीं वांचण्याची आशा सोडली होती. शेवटीं तारूं वाळूंत रुतलें व त्याची मागली बाजू लाटांनीं फुटली. तारवावर दोनशें शहात्तर माणसें होतीं. कोणी पोहत, कोणी फळीस धरून, अशीं तीं सर्व किनाऱ्यास लागलीं. एकहि जीव गेला नाहीं.

आतां तो किनारा कोणाचा होता? त्या बेटाचें नांवहि त्यांस ठाऊक नव्हतें. तेथील लोकांची भाषा निराळी, देव निराळे. लूक त्यांच्याविषयीं जो ग्रीक शब्द वापरतो, तो ग्रीक न बोलणाऱ्या परभाषी लोकांस लावीत असत, आणि त्या शब्दांत थोडा तुच्छतेचा वासहि होता. परंतु त्याच वाक्यांत तो आदरानें सांगतो कीं, ह्या लोकांनीं आमच्यावर असामान्य ममता केली. पाऊस लागला होता व थंडी पडली होती, म्हणून त्यांनीं शेकोटी पेटविली आणि आम्हां सर्वांस जवळ घेतलें. कोण, कोठले, कैदी कीं शिपाई, हें त्यांनीं आधीं विचारल्याचा उल्लेख नाहीं.

आपण कोंकणचे लोक. ओल्या लांकडाचा विस्तव पेटविणें किती कष्टाचें काम आहे हें आपल्या बायकांस कोणी शिकवावयास नको. भरपावसांत पावणेतीनशें माणसांपुरता विस्तव करणें म्हणजे घरोघरची कोरडी लांकडें बाहेर काढणें होय. त्या बेटावरच्या माणसांनीं पावसाळ्यासाठीं राखलेलें सरपण परक्यांसाठीं जाळलें असेल. ह्या पाठावर मी चार गोष्टी तुमच्यापुढें ठेवूं इच्छितों.

१. पाहुणचार करणारे पुष्कळदां आपले नसतात

आपण ख्रिस्ती लोक प्रीतीविषयीं फार बोलतों. त्यामुळें आपल्यास कधीं कधीं असें वाटूं लागतें कीं, प्रीतीचा मक्ता आपल्याकडे आहे. देव हा गर्व कसा मोडतो, तें मला एका रात्रीं समजलें, तें सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आषाढ महिन्यांत मी रत्नागिरीहून देवरुखाकडे एस. टी. नें चाललों होतों. तेथून पुढें एका लहान मंडळींत प्रभुभोजनाचा विधि चालवावयाचा होता. अर्ध्या वाटेवर दरड कोसळून रस्ता बंद झाला. गाडी उभी राहिली. रात्रीचे नऊ वाजले होते. कंडक्टर म्हणाला, “आतां सकाळपर्यंत कांहीं होत नाहीं, ज्याची जवळ ओळख असेल त्यानें तिकडे जावें.” माझी ओळख कोणाशींच नव्हती. गाडींत पाणी गळूं लागलें, तेव्हां दूर एक दिवा दिसत होता त्या दिशेनें मी चालू लागलों.

तें एका कुणबी म्हातारीचें घर होतें. मुलगा मुंबईस कारखान्यांत, सून त्याच्याबरोबर. घरीं ती एकटी आणि एक नातू. मी अंगणांत उभा राहून हांक मारिली. ती ओटीवर आली, दिवा उंच धरून माझ्याकडे पाहिलें आणि म्हणाली, “आधीं आंत या, मग बोला. पाऊस कोणासाठीं थांबत नाहीं.” तिनें मला मुलाचें कोरडें धोतर दिलें. माझे कपडे चुलीवरच्या दोरीवर टाकले. कुळथाची पिठी आणि भात वाढला. नातवाची गोधडी मला दिली व नातवास स्वतःच्या पांघरुणांत घेतलें.

सकाळीं ती पेज घेऊन आली आणि तेव्हां प्रथम तिनें माझें नांव विचारलें. मी क्षणभर घुटमळलों. माझ्या लोकांस खेड्यापाड्यांतून कोणत्या वागणुकीची संवय होती, तें तुम्हांस सांगावयास नको. मीं नांव सांगितलें, आणि मी ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहें, हेंहि सांगितलें. माझी जुनी जातहि तिच्या ध्यानांत आली असावी. तिनें पेजेचें भांडें माझ्याकडे सरकविलें व म्हणाली, “बाबा, नांव विचारलें तें पुन्हां आलांत तर हांक मारतां यावी म्हणून. भिजलेल्या माणसाला काय विचारायचें?”

मी निघतांना शंभराची एक नोट पुढें केली. ती रागावली नाहीं, हंसली. म्हणाली, “पैसे घेतले तर माझ्या घराची खाणावळ झाली.”

त्या दिवशीं मी प्रभुभोजनाच्या मेजापाशीं उभा राहिलों, तेव्हां भाकर मोडतांना माझा हात कांपला. ज्या प्रीतीची मी बारा वर्षें व्याख्या करीत आलों होतों, ती मला रात्रीं एका बाईनें वाढली होती. तिनें शुभवर्तमान वाचलें नव्हतें. पण प्रभूनें जी आज्ञा केली ती तिनें पाळली. तिच्या अंतःकरणांत ही ममता कोणी घातली? सर्व चांगलें दान वरून उतरतें, असें याकोब शिकवितो. तेव्हां, बंधूंनो, आपल्या शेजाऱ्यांविषयीं बोलतांना आपली जीभ नम्र असूं द्या. मिलिता बेटावरील लोकांचें ऋण पौल विसरला नाहीं; आपणहि विसरूं नये.

२. आपण स्वतः परके होतों

मोशेच्या द्वारें देवानें इस्राएल लोकांस परक्यांवर प्रीति करावयास सांगितलें, आणि त्याचें कारणहि सांगितलें : तुम्हीं स्वतः मिसर देशांत परके होतां (अनुवाद १०:१९). ज्यानें दारावरची नकारघंटा ऐकली आहे, त्याला दुसऱ्याच्या पायांचा थकवा कळतो.

आपल्या मंडळ्यांचा इतिहास पाहा. ह्या जिल्ह्यांत १८२३ सालीं स्कॉटलंडचे मिशनरी बाणकोट व हर्णै येथें आले. ते परके होते. भाषा येत नव्हती, हवा सोसत नव्हती. आणि जे येथील लोक पुढें ख्रिस्ती झाले, ते आपल्याच गांवांत परके झाले. विहीर परकी, भाऊबंद परके.

कवि नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म १८६१ सालीं आपल्याच जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. त्यांच्या ख्रिस्ताकडे येण्याच्या वाटेवर एक आगगाडीचा डबा उभा आहे. नागपुराहून राजनांदगांवास जात असतां एका अनोळखी युरोपियन प्रवाशानें त्यांस सौजन्यानें वागविलें, त्यांच्याशीं काव्य व धर्म ह्यांविषयीं संभाषण केलें, आणि नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातीं दिली. १८९५ सालीं टिळकांचा बाप्तिस्मा झाला. जर त्या प्रवाशानें त्या दिवशीं तोंड फिरविलें असतें तर? डब्यांत शेजारीं बसलेल्या माणसास जागा देणें ही लहान गोष्ट. पण देव लहान दारांतून मोठ्या गोष्टी आणतो.

पंडिता रमाबाई ह्यांची कथा याहून खोल आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं गंगामूळ ह्या रानांतील तीर्थस्थानीं घर केलें होतें. यात्रेकरू येत, विद्यार्थी येत, आणि शास्त्रीबोवा कोणास विन्मुख पाठवीत नसत. त्या पाहुणचारांत घरचें द्रव्य संपलें, आणि त्यांस कुटुंबासह तीर्थयात्रा करीत हिंडावें लागलें. रमाबाई तेव्हां तान्ह्या होत्या. पुढें दुष्काळांत आईबाप गेले, बहीण गेली, रमाबाई आणि त्यांचा भाऊ हजारों मैल पायीं हिंडले, पुष्कळदां उपाशी, पुष्कळदां निवाऱ्यावांचून. १८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां हीच बाई तिकडे धांवली व सुमारें तीनशें निराधार बायकामुलींस घेऊन आली. केडगांवचें मुक्तिसदन त्यांचें घर झालें. ज्या मुलीला एकदां छप्पर नव्हतें, तिनें शेंकडों मुलींवर छप्पर घातलें. देवाच्या राज्यांत पाहुणाच यजमान होतो.

माझ्या घरचें एक उदाहरण सांगून हा मुद्दा संपवितों. माझे आजोबा उपदेशक होते. खांद्यावर शुभवर्तमानांच्या लहान प्रतींची पिशवी, हातांत काठी, डोक्यावर इरलें, असे ते गांवोगांव जात. धर्मशाळेचें दार त्यांस बंद असे. कोणी कनवाळू असला तर गोठा दाखवी. नाहींतर झाडाखालीं रात्र. त्यांनीं ह्याविषयीं कधीं तक्रार केली नाहीं, असें माझे वडील सांगत. पण त्यांनीं एक गोष्ट केली. आमच्या घरच्या चुलीपाशीं त्यांनीं एक गाडगें ठेविलें. रोज भात शिजवितांना आजी त्यांत पसाभर तांदूळ टाकी. ते तांदूळ वाटसरूचे. घरांत खायला नसलें तरी त्या गाडग्यास हात लावावयाचा नाहीं, असा आजोबांचा नियम होता. अपमानाच्या आठवणीचें त्यांनीं कडूपण केलें नाहीं; त्याचे तांदूळ केले.

३. दार लावणारा हात माझाच होता

आतां मला जें सांगावयाचें आहे तें जड आहे. पण व्यासपीठावरून दुसऱ्याचें पाप सांगणारानें आपलें झांकूं नये.

तुम्हांस ठाऊक आहे कीं, आपल्याकडे हापूस आंब्याच्या बागांची राखण करण्यास दरवर्षीं नेपाळांतून माणसें येतात. दिवाळीनंतर येतात, मोहोर येतो, फळ धरतें, वानर हांकलतात, झेल्यानें आंबे उतरवितात, पेट्या भरतात, आणि पाऊस लागण्याच्या सुमारास परत जातात. कांहीं मिरकरवाड्याच्या बंदरांत मच्छीमार नौकांवर खलाशी होतात. आपण त्यांस नांवानें ओळखत नाहीं. ‘गुरखा’ म्हणून हांक मारितों. आपल्या जिल्ह्याचा आंबा देशोदेशीं जातो. त्याची राखण ज्यानें थंडीवाऱ्यांत खोपटींत बसून केली, त्याच्या घरचीं माणसें किती, हें बागेजवळ राहणारासहि ठाऊक नसतें.

फाल्गुन महिन्यांत एके सायंकाळीं असाच एक माणूस माझ्या फाटकाशीं आला. बरोबर बायको आणि तिच्या खांद्यावर दोन-अडीच वर्षांचें मूल. मुलास ताप होता. त्यांची बाग दूर डोंगरावर. शेवटची गाडी गेलेली. सकाळीं जिल्हा रुग्णालयांत मुलाला न्यावयाचें होतें. तो मोडक्या हिंदींत एवढेंच म्हणाला कीं, रात्रीपुरतें पडवींत पडूं द्या.

माझ्या पडवींत जागा होती. माझ्या घरांत तांदूळ होते. परंतु त्या आठवड्यांत वाडींत दोन चोऱ्या झाल्या होत्या. मीं त्यास विचारलें, कागदपत्र आहेत काय, मालकाचें नांव काय, फोन काय. तो गोंधळला. मीं म्हटलें, पुढें एस. टी. चा निवारा आहे, तेथें झोपा; आणि पन्नास रुपये त्याच्या हातावर ठेविले. माझी पत्नी मागें उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं. तिनें फक्त माझ्याकडे पाहिलें. मीं दार लावलें आणि कडी घातली. बंधूंनो, मी तेव्हां स्वतःस म्हणालों कीं, मीं मदत केली.

पुढल्या महिन्यांतल्या एका रविवारीं तो माणूस आमच्या मंडळींतील एका मासे विकणाऱ्या विधवेबरोबर प्रार्थनामंदिराच्या दाराशीं उभा होता. हातांत आंब्यांची पिशवी. मूल आईच्या कडेवर हंसत होतें. तेव्हां मला कळलें कीं, त्या रात्रीं ही विधवा बाजारांतून परततांना निवाऱ्यांत त्यांस पाहून थांबली होती. तिच्या घरास एकच खोली. तिनें त्यांस घरीं नेलें, मुलाच्या कपाळावर रात्रभर ओल्या फडक्याच्या घड्या ठेविल्या, आणि पहाटे त्यांच्याबरोबर रुग्णालयांत गेली. तिनें हें कोणास सांगितलें नव्हतें. त्या माणसानें मला ओळखलें. त्यानें मान लववून नमस्कार केला आणि पिशवींतले चार आंबे काढून माझ्याहि हातांत दिले. तीं फळें माझ्या हातांत किती जड झालीं, तें माझें मन जाणतें.

योहानाच्या तिसऱ्या पत्रांत दोन माणसें आहेत. गायस अनोळखी बंधूंस घरांत घेतो. दियत्रफेस घेत नाहीं; जे घेऊं पाहतात त्यांसहि तो अडवितो. दियत्रफेस हा मंडळीबाहेरचा नव्हता. तो मंडळींतला पुढारी होता. पुढारीपण आणि बंद दार हीं एकत्र राहूं शकतात, हें मीं माझ्याच उंबऱ्यावर पाहिलें.

आणि केवळ माझ्याविषयींच बोलावें असेंहि नाहीं. २०२० सालीं कोरोनाच्या साथींत मुंबईचे चाकरमानी गांवीं परत येऊं लागले, तेव्हां किती गांवांनीं वाटेवर अडसर घातले! ज्यांनीं पाठविलेल्या पैशांवर घराचीं कौलें बसलीं, तेच भाऊ गांवाच्या वेशीवर परके ठरले. साथ खरी होती, भय खरें होतें. चौदा दिवस वेगळें राहणें आवश्यकहि होतें. शाळेंत राहणाऱ्या माणसास दुरून भाकरी ठेवणें निराळें, आणि त्याची वाट अडवून त्यास शिव्या देणें निराळें. पुढल्याच वर्षीं, २०२१ च्या जुलै महिन्याच्या २२ तारखेस, वाशिष्ठीच्या पुरानें चिपळूण शहर बुडविलें. आदल्या वर्षीं दार लावणारास त्या वर्षीं दुसऱ्याच्या माडीवर आसरा मागावा लागला, असेंहि घडलें असेल. पाणी कोणाच्या दाराशीं येईल, हें कोण सांगूं शकतो?

४. पाहुणचार कसा करावा

कोणी म्हणेल, “पाळकसाहेब, तुमचें म्हणणें खरें, पण जग लबाड आहे.” होय, आहे. शास्त्र आंधळेपणा शिकवीत नाहीं. पुरातन मंडळींत ‘बारा प्रेषितांची शिकवण’ नांवाचें एक लहान पुस्तक वाचीत असत. त्यांत वाटसरू बंधूविषयीं नियम आहेत. येईल त्याला घ्या. मग पारख करा. दोन किंवा फार तर तीन दिवस ठेवा. राहावयाचेंच असेल तर त्यानें धंदा करून खावें. आणि उपदेश करणारा म्हणवून जो पैसे मागेल, तो खोटा समजावा. पाहा, लबाड लोक तेव्हांहि होते! तरी त्यांनीं दारें बंद केलीं नाहींत. त्यांनीं नियम केले. म्हणून आपल्या खेड्यांतील मंडळ्यांसाठीं कांहीं साध्या सूचना मी करितों.

पहिली ही कीं, हें ओझें एका घरावर टाकूं नका. विशेषतः बायकांवर टाकूं नका. अब्राहामानें तीन पाहुण्यांस थांबविलें; पण पीठ मळावयास त्यानें सारेस सांगितलें. आमंत्रण पुरुष देतो, आणि धूर बाईच्या डोळ्यांत जातो. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ ज्यांनीं वाचलीं आहेत, त्यांस ठाऊक आहे कीं टिळक माणसें घरीं आणीत आणि संसाराची ओढाताण बाईंस सोसावी लागे. ज्यास पाहुणा हवा, त्यानें पाणी भरावें, लांकडें फोडावीं, भांडीं घासावीं. मंडळींतील घरांनीं पाळी लावून घ्यावी. एका घरीं भात, दुसऱ्या घरीं पांघरूण.

दुसरी ही कीं, प्रार्थनामंदिराची पडवी वाटसरूसाठीं मोकळी ठेवा. एक चटई, दोन घोंगड्या, पाण्याचा माठ आणि एक दिवा. एवढ्यास फार खर्च लागत नाहीं. आपलीं प्रार्थनामंदिरें आठवड्यांत सहा दिवस कुलुपांत असतात. पाऊस मात्र रविवार पाहून पडत नाहीं.

तिसरी, सावधपणाची. एकट्या बाईनें अनोळखी पुरुषास घरांत घ्यावें, असें मी सांगत नाहीं; तिनें शेजारच्या घरीं निरोप पाठवावा. आलेल्याचें नांव-गांव विचारावें, पोलीस पाटलास कळवावें. पण क्रम ध्यानांत ठेवा : आधीं आडोसा, मग पाणी, मग प्रश्न. माझा क्रम उलटा होता, आणि प्रश्न संपेपर्यंत प्रीति निघून गेली होती.

चौथी, आणि ही मी उपदेशक बंधूंस आग्रहानें सांगतों. भाताच्या ताटास धर्माची दोरी बांधूं नका. पाहुणा विचारील तर नम्रतेनें आपल्या आशेचें कारण सांगा. रुग्ण असेल तर पौलानें पुब्ल्याच्या बापासाठीं केली तशी प्रार्थना करा. पण जेवणाच्या बदल्यांत कोणाचें मन मागूं नका. त्या कुणबी म्हातारीनें माझ्यापासून कांहीं मागितलें नाहीं. जी भीक घालून मन विकत घेऊं पाहते ती प्रीति नव्हे, सौदा आहे. आणि अशा सौद्यानें ख्रिस्ताच्या नांवाची निंदा होते.

पांचवी सूचना पाहुण्यास. आपणांपैकीं पुष्कळांस मंडळीच्या कामासाठीं दुसऱ्यांच्या घरीं राहावें लागतें. प्रभूनें आपल्या शिष्यांस सांगितलें कीं, ज्या घरीं उतराल त्याच घरीं राहा, वाढतील तें खा, चांगल्या ताटासाठीं घरें बदलूं नका (लूक १०). पौलाकडे पाहा. बेटावरचे लोक विस्तव करीत होते तेव्हां तो प्रेषित म्हणून बसून राहिला नाहीं. तो स्वतः काटक्या गोळा करूं लागला. त्या काटक्यांतूनच साप निघाला, तरी त्यानें काम केलें. ज्या उपदेशकाच्या येण्यानें घरच्या बाईचें एक काम वाढतें आणि त्याच्या हातानें एक काम कमी होतें, त्याचा उपदेश घरांत राहतो.

शेवटीं एवढें ध्यानांत घ्या कीं, जागा देणें म्हणजेच पाहुणचार नव्हे. आपल्या रत्नागिरीस ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा ह्यास १८८६ सालीं आणून ठेविलें. १९१० सालीं तो त्याच्यासाठीं बांधलेल्या वाड्यांत राहावयास गेला. तो वाडा आजहि उभा आहे. पण त्याच्या दारावर पहारा होता, आणि १९१६ सालीं तो येथेंच, मायदेश न पाहतां, मरण पावला. वाडा होता, घर नव्हतें. आणि त्या विधवेच्या एका खोलींत एका नेपाळी मुलाला त्या रात्रीं घर मिळालें. फरक भिंतींत नसतो.

उपसंहार

इब्रीकरांस पत्र लिहिणारा म्हणतो कीं, पाहुणचार करितांना कित्येकांनीं न कळत देवदूतांस घरांत घेतलें. ‘न कळत’ हा त्यांतील मुख्य शब्द आहे. अम्माऊसच्या वाटेवर दोघां शिष्यांस बरोबर चालणारा प्रवासी कोण, हें ठाऊक नव्हतें. त्यांनीं एवढेंच पाहिलें कीं, संध्याकाळ झाली आहे आणि हा एकटा पुढें चालला आहे. त्यांनीं आग्रह करून त्याला थांबविलें; आणि भाकर मोडली जातांना त्यांचे डोळे उघडले. त्यांनीं त्यास वाटेवरच निरोप दिला असता, तर तो पुढें निघून गेला असता.

प्रभूनें स्वतः सांगितलें आहे कीं, शेवटल्या दिवशीं तो विचारील, मी परका होतों तेव्हां तुम्हीं काय केलें (मत्तय २५). त्या दिवशीं माझ्या फाटकाची कडी साक्ष देईल. मी त्याची क्षमा मागितली आहे. ती क्षमा त्याच्या रक्तानें मिळते, असा माझा विश्वास आहे. पण क्षमा मिळालेल्या माणसानें कडी तशीच ठेवूं नये. आतां आमच्या घरीं फाटकास कडी नाहीं, आणि चुलीपाशीं आजोबांचें नाहीं तर दुसरें एक गाडगें आहे. माझी पत्नी त्यांत रोज पसाभर तांदूळ टाकिते, आणि ज्या दिवशीं ती विसरते त्या दिवशीं मी टाकितों.

यंदा आंब्याचा हंगाम संपण्यापूर्वीं, किंवा पहिल्या पावसाच्या रात्रीं, तुमच्याहि दाराशीं कोणी तरी उभें राहील. त्याची भाषा तुम्हांस कळणार नाहीं. त्याचे कपडे ओले असतील. त्या वेळीं हें प्रवचन आठवण्याची गरज नाहीं, दिवा उंच धरा आणि म्हणा, “आधीं आंत या.”

प्रार्थना

हे प्रभु येशू, तूं आमच्यांत आलास तेव्हां उतारशाळेंत तुझ्यासाठीं जागा नव्हती, आणि पृथ्वीवर तुला डोकें टेकावयास ठाव नव्हता. तरी तूं आम्हां परक्यांस आपल्या पित्याच्या घरांत घेतलेंस. आमच्या बंद दारांबद्दल आम्हांस क्षमा कर. ज्यांनीं तुझें नांव न जाणतां आम्हांस आसरा दिला, त्यांस आशीर्वाद दे. बागांत, बंदरांत आणि वाटांवर जे आज रात्रीं घरापासून दूर आहेत, त्यांचें रक्षण कर. आणि त्यांच्यांतील कोणी आमच्या उंबऱ्याशीं आला तर आम्हांस जागें ठेव. आमेन.